दोन पुस्तकांतलं एकच अस्वल

आमच्या वर्धा जिल्ह्यात माणूस नोकरीतून निवृत्त झाला की आधी रक्तदाबाची गोळी सुरू होते, मग सकाळचं फिरणं सुरू होतं आणि या दोन्हींचा कंटाळा आला की आत्मचरित्र सुरू होतं. पहिल्या दोन गोष्टींसाठी डॉक्टर आहेत. तिसरीसाठी मी आहे.

मी पुस्तकं लिहीत नाही. लोकांनी लिहिलेली नीट करून देते. सुरुवात वर्ध्याच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची प्रुफं वाचण्यापासून झाली. एका पत्रिकेत नवरीच्या धाकट्या काकाचं नाव राहून गेलं. चूक माझी नव्हती, घरच्यांनी दिलेल्या मजकुरातच ते नव्हतं. पण काका मांडवात आला, पाण्याचा घोटही न घेता परत गेला, आणि त्या घराशी त्याचं बोलणं जे बंद झालं ते आजतागायत बंदच आहे. तेव्हा मी कानाला खडा लावला. वाक्य कापावं, परिच्छेद कापावा, अख्खं प्रकरण कापावं, पण माणसाचं नाव कापू नये. पुढे पत्रिका सुटल्या आणि आत्मचरित्रं आली, पण हा नियम मी सोडला नाही.

माझं काम काय ते थोडक्यात सांगते, कारण शेजारच्या बाईंना अजूनही वाटतं की मी लोकांचे अर्ज लिहून देते. माणूस पिशवीतून हस्तलिखित घेऊन येतो. त्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'माझा जन्म एका अत्यंत गरीब कुटुंबात झाला.' ज्यांच्या वडिलांची कापसाची जिनिंग फॅक्टरी होती, दारात जीप होती, त्यांचाही जन्म तिथेच झालेला असतो. मग शिक्षण, मग नोकरी, मग बदल्या. प्रत्येक बदलीला निरोप समारंभ, प्रत्येक समारंभात कोण काय बोललं, कोणी शाल दिली, कोणी नारळ दिला. हे सगळं वाचून मी समासात पेन्सिलीने शंका लिहिते. 'हे वाचकाला कशासाठी सांगायचं?' अशी शंका मी एका निवृत्त अभियंत्यांच्या हस्तलिखितात लिहिली होती. त्यांनी खाली पेनने उत्तर लिहून पाठवलं, 'कारण ते घडलं.' मी कालव्याच्या खोदकामाची पानं तशीच ठेवली.

अल्लीपूरच्या एक बाई आहेत. त्यांनी फार झकास लिहिलंय, पण सगळं सासूवर. सासू गेल्यावर छापायचं असं आमचं ठरलं होतं. सासूबाईंनी नव्वदी कधीच ओलांडली. दर दिवाळीला बाईंचा फोन येतो, "मॅडम, यंदाबी जमत नाई. काल त्यायनं दोन पुरणपोळ्या खाल्ल्या." हस्तलिखित माझ्या कपाटात आहे आणि सासूबाईंची तब्येत उत्तम आहे.

तर पुस्तक छापून झालं की प्रकाशन. सभागृह घ्यायचं, पाहुणे बोलवायचे, पुस्तकं फुकट वाटायची. पुस्तक हातात पडलं की माणूस आधी मागून उघडतो, कारण फोटो मागे असतात. आपला फोटो सापडला तर बायकोला दाखवतो. नाही सापडला तर आपलं नाव शोधतो. तेही नसलं तर पुस्तक खुर्चीवर ठेवून नाश्त्याकडे जातो. वाचत कोणी नाही. पूर्वी मला याचा भयंकर राग यायचा. आता येत नाही, कारण याच रिवाजामुळे आमच्या जिल्ह्यात शांतता आहे. लोकांनी एकमेकांची आत्मचरित्रं खरोखर वाचायला घेतली असती तर पोलिसांना उसंत मिळाली नसती. हे मी गमतीने लिहीत नाही. एकदा असं वाचन झालं होतं, आणि पुढची हकिगत त्याचीच आहे.

झाडे गुरुजी मूळचे हिंगणीचे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि वर्ध्यात घर बांधून राहिले. पंचाहत्तरी पुरी व्हायच्या दिवशी पुस्तक यायलाच पाहिजे म्हणून हस्तलिखित घेऊन आले. अक्षर मोत्यासारखं, भाषा मात्र भरजरी. ते जेवायचे नाहीत, 'अन्नग्रहण करते झाले' असायचे. मी निम्मा जरीकाठ उतरवला. बदल्या आणि निरोप समारंभ वाचता वाचता डोळा लागायच्या बेतात होते, तेवढ्यात एक प्रकरण आलं, 'मृत्यूशी हस्तांदोलन.' आणि मी ताठ बसले.

गोष्ट अशी. मॅट्रिकची परीक्षा. हिंगणीचे तीन दोस्त सकाळी पायी सेलूच्या केंद्राकडे निघाले. मनोहर म्हणजे स्वतः गुरुजी, वामन थूल आणि नामदेव. वाट जवळची म्हणून जंगलाच्या कडेने गेले. मोहफुलांचे दिवस. एका मोहाखाली काळंकुट्ट अस्वल बसलेलं. वामन थूल घाबरून पळसावर चढला. नामदेव सुदैवाने पुढे निघून गेला होता. गुरुजी एकटे उरले. त्यांनी वडिलांची काळी छत्री अस्वलाच्या तोंडासमोर फाडकन उघडली आणि 'ते क्रूर श्वापद आल्या पावली वनराजीत अंतर्धान पावले.'

मी ताठ बसले ते भीतीने नव्हे. हे अस्वल माझ्या ओळखीचं होतं.

थूल साहेब पशुसंवर्धन खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं पुस्तक मीच केलं होतं, गुरुजींच्या आधी. त्यात 'अस्वल आणि मी' असं प्रकरण आहे. तीच परीक्षा, तोच मोह. तिथे मनोहर झाडे पळसावर चढतो आणि वामन थूल मामाची काळी छत्री उघडतो. साहेब जनावरांच्या खात्यातले, त्यामुळे ते अस्वल मादी होतं असंही त्यांनी छातीठोक लिहिलं होतं. त्यांच्याही पुस्तकात नामदेव पुढे निघून गेला होता.

आता करायचं काय? दोघंही माझे लेखक. आणि दोघं साधे दोस्त नव्हेत. एका शाळेत शिकले, निवृत्तीनंतर मुद्दाम जवळजवळ घरं बांधली. रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि मग एकाच बाकावर बसून चहा प्यायचा. गुरुजींच्या प्रकाशनाला प्रमुख अतिथी कोण, तर थूल साहेब. पत्रिकाही छापून झालेल्या. गप बसले असते तर निभावलंही असतं, कारण प्रमुख अतिथी पुस्तक वाचत नाहीत. पण थूल साहेब एकेक ओळ वाचणारे. भाषणाची तयारी म्हणून ते पुस्तक वाचणार, आणि मग व्यासपीठावर काय होईल ते मला आत्ताच दिसत होतं.

गुरुजींना घरी बोलावलं. चहा दिला. मग हळूच म्हटलं, "गुरुजी, थूल साहेबांचं पुस्तक आहे ना तुमच्याकडे?"

"आहे ना. त्यानं स्वतः आणून दिलं."

"वाचलं?"

"म्हणजे… फोटो पाह्यले. माझा चांगला आलाय."

"त्यातलं अस्वलाचं प्रकरण जरा पाहून घ्या."

माझ्याकडे एक प्रत होतीच. गुरुजींनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मोठमोठ्या संस्कृत शब्दांचा हा माणूस, एका क्षणात हिंगणीला परत गेला.

"हा वामन्या! याची हिंमत पाहा! माह्य अस्वल चोरलं यानं!"

"गुरुजी, जरा सावकाश…"

"काय सावकाश? मले झाडावर चढवलं! पुऱ्या जिल्ह्यात पुस्तक वाटलं अन् मले पळसावर चढवलं! अन् मी त्याच्याच प्रकाशनाले शाल दिली त्याले!"

तिथूनच त्यांनी फोन लावला. पलीकडून थूल साहेबांचा आवाज मला खुर्चीत बसून ऐकू येत होता. "तू चढला होतास तं काय लिहू? तुह्य धोतर फाटलं होतं पळसावर, आठवते काय?"

"मी पायजमा घालत होतो!" गुरुजी ओरडले आणि फोन ठेवला.

झालं. साठ वर्षांची दोस्ती एका अस्वलाने मोडली. दोघं मैदानावर येत राहिले, पण उलट्या दिशांनी फिरू लागले. त्यामुळे प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर यायचे, आणि यायची वेळ झाली की दोघंही आभाळाकडे पाहायचे. एकदा गुरुजी असे पाहता पाहता खड्ड्यात गेले. थूल साहेब हात द्यायला दोन पावलं पुढे झाले, मग आठवलं आणि परत फिरले. हे मला मैदानावरच्या चहावाल्याने सांगितलं. त्याचीही पंचाईत झाली होती, कारण बाक रिकामा राहायला लागला होता.

गुरुजींनी जाहीर केलं, "वामन्या आला तर मी समारंभाले येणार नाही." स्वतःच्याच पुस्तकाचा समारंभ, बरं का. तिकडून थूल साहेबांचा निरोप आला की पुस्तकात अस्वल राहणार असेल तर माझी खुर्ची मांडू नका. मी गुरुजींना म्हटलं, ते प्रकरण काढूनच टाकू. गुरुजींनी माझ्याकडे फार केविलवाणं पाहिलं. "मॅडम, अस्वल काढलं तर माझ्या पुस्तकात उरतं काय? बदल्या!"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली. कारण बोलले ते खरंच होतं.

मग गुरुजींच्या पत्नी आल्या. मी त्यांना वहिनी म्हणते. बसल्या आणि डोळ्याला पदरच लावला. "मॅडम, घरात सुतक असल्यासारखं झालं व. हे जेवत नाई नीट. यायच्या छातीचं ऑपरेशन झालं तवा वामनभाऊ दवाखान्यात स्टुलावर बसून राह्यले, घरी जाच म्हटलं तं जाये नाई. आता थ्या अस्वलापायी तोंड पाहून नाई राह्यले. वय पाहा दोघायचं. रुसायले वेळ कुठी आहे आता?"

वहिनी गेल्या आणि मी हस्तलिखित पुन्हा काढून बसले. निदान काही शब्द फिरवून दोघांची अब्रू राखता येते का ते पाहत होते. अस्वलाच्या प्रकरणात काही जमेना. पान उलटलं. पुढचं प्रकरण परीक्षेच्या पेपराचं. तिथे समासात माझीच जुनी पेन्सिलीची शंका होती, पहिल्या वाचनात सवयीने लिहिलेली. 'नामदेव पुढे गेला होता ना? मग मागून कसा आला?'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. गुरुजींनी लिहिलं होतं की पेपर सुरू झाल्यावर नामदेव लंगडत, धापा टाकत वर्गात शिरला. दोन्ही पुस्तकांत नामदेव पुढे गेलेला. पुढे गेलेला माणूस, मागे अस्वल, आणि पोचतो मात्र सगळ्यांत शेवटी! अशा शंका आम्ही ढिगाने काढतो. बहुतेकांचं उत्तर 'लेखकाचा विसरभोळेपणा' एवढंच असतं. पण या वेळी डोक्यात किडा शिरला. तिसरा साक्षीदार जिवंत आहे का, म्हणून वहिनींना फोन केला. "नामदेवभाऊ? आहे न. गिरडले राह्यते. सासऱ्याचं दुकान चालवते."

एसटी धरली आणि गिरडला गेले. टेकडीच्या पायथ्याशी, दर्ग्याच्या वाटेवर नारळ, अगरबत्ती आणि रेवड्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात सडपातळ, हसऱ्या डोळ्यांचा म्हातारा बसला होता. ओळख दिली. दोन्ही पुस्तकांचं सांगितलं, भांडणाचं सांगितलं. "मनोहर गुरुजी म्हणतात छत्री त्यांनी उघडली, थूल साहेब म्हणतात त्यांनी. तुम्ही पुढे होतात की मागे, तेवढं सांगा."

नामदेवभाऊंनी गिऱ्हाइकाला नारळ दिला. मला स्टूल दिलं. चहा मागवला. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "बाई, अस्वल नव्हतंच जी तिथी."

"म्हणजे?"

"मीच होतो थो."

चहा माझ्या साडीवर सांडला.

"असं पाहू नका. सांगतो. गणिताचा पेपर होता अन् माहा अभ्यास काहीच झाला नव्हता. म्हटलं, उशीर झाला तं तिघायलेबी आत घेणार नाई. तिघं मिळून नापास झाले तं घरी मार कमी पडते. एकटा झाला तं पुरा पडते. म्हणून मी 'पुढे होतो' म्हणून पळालो. अंगावर बाबाचं काळं घोंगडं होतं, अन् छत्रीबी बाबाचीच. मोहाखाली छत्री उघडली, पाठीवर घेतली, वरतून घोंगडं टाकलं, अन् बसलो उकिडवा, मोहफुलं खात. हे दोघं आले. म्या थोडासा गुरगुरलो. थोडासाच जी!"

"आणि ते?"

"दोघंबी एकाच पळसावर! पळस असते केवढा? फांदी मोडाले आली. वरतून मन्या म्हणे, 'वामन्या, तू उतर, पाहून ये.' वामन्या म्हणे, 'तू मॉनिटर आहेस, तू जा.' मले इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, का मी मागच्या नाल्यात घरंगळलो. घोंगडं माह्यासंगं आलं, छत्री राह्यली रस्त्यात, उघडीच. हे उतरले, छत्री पाह्यली अन् जे पळत सुटले ते सेलूच्या शाळेतच थांबले. कितीतरी लवकर पोचले! उशीर झाला तो मलेच. नाल्यात पाय मुरगळला होता न."

"आणि निकाल?"

"ते पास. मी इथं," असं म्हणून त्यांनी नारळांच्या ढिगावर थाप मारली आणि असे हसले की समोरचा अगरबत्तीवाला वळून पाहायला लागला. मलाही हसू आवरेना. दुकानासमोर दोन म्हातारी माणसं डोळे पुसत बसलेली पाहून दर्शनाला आलेल्या एका बाईने मला विचारलं, घरात काही झालं का?

"पण भाऊ, इतकी वर्षं सांगितलं कसं नाही?"

"सांगणारच होतो. पण मन्या पारावर सांगून राह्यला होता, छत्री उघडून अस्वल कसं हाकललं ते. लोक तोंडात बोटं घालून ऐकून राह्यले. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या वामन्यानं त्याच्या मोहल्ल्यात सांगतलं. एकमेकायसमोर नाई सांगे कोणी, तेवढी अक्कल होती. मंग नोकऱ्या लागल्या, लग्नं जुळली. मन्याच्या सासऱ्यानं तं अस्वल ऐकून पोरगी दिली जी! आता कोणत्या तोंडानं सांगू?" मग एकदम गंभीर झाले. "पण वामन्यानं मादी काऊन लिहिलं?"

मी म्हटलं, ते सोडा. आता चला माझ्यासोबत आणि खरं काय ते दोघांना सांगून टाका, भांडणाचं मूळच जाईल. नामदेवभाऊंनी रेवड्यांवरच्या माशा हाकल्या.

"बाई, तुमी पुस्तकं सुधारता म्हणता. पंचाहत्तरीच्या माणसाले भर सभेत पुन्हा झाडावर चढवता काय? त्यायले आता खरंच वाटते का छत्री त्यायनंच उघडली. इतके वेळा सांगतलं का खरंच झालं ते. मी येतो. पण अस्वल मारत नाई. छत्री दोघायले वाटून देतो."

"आणि खरं?"

"खरं तुमी लिहिजा. पण मी गेल्यावर."

माझ्या मनात आलं, कपाटात आणखी एक हस्तलिखित आलं.

समारंभाचा दिवस उजाडला. पुस्तक गुरुजींच्या अस्वलासकट छापून आलं होतं, कारण ते ऐकायलाच तयार नव्हते. सभागृह भरलं. व्यासपीठावर प्रमुख अतिथींची खुर्ची रिकामी. गुरुजी नवीन कोटात बसलेले, पण नजर सारखी त्या खुर्चीकडे जायची आणि चोरासारखी परत यायची. वहिनी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी, माझा हात घट्ट धरून. सूत्रसंचालकाने दीपप्रज्वलन उरकलं, स्वागतगीत उरकलं, आणि आता रिकाम्या खुर्चीचं काय करावं म्हणून माझ्याकडे पाहायला लागला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. नामदेवभाऊ थूल साहेबांचा हात धरून येत होते. नंतर कळलं, त्यांनी बसस्टँडवरून साहेबांना फोन केला होता की मला वर्ध्यातला रस्ता समजत नाही, घ्यायला ये. साहेब आले, आणि मग भाऊंनी हात सोडलाच नाही. थेट व्यासपीठावर नेऊन त्यांना खुर्चीत बसवलं. पत्रिकेत नाव नाही, सूत्रसंचालकाने पुकारलं नाही, आणि हा माणूस माईकसमोर उभा.

"नमस्कार. मी नामदेव. या दोघायच्या पुस्तकात मी पुढे गेलतो असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. मी पुढे नव्हतो गेलो. भेवानं झुडपात लपलो होतो. आज सांगतो, लाज कायची? पण लपून सगळं पाह्यलं म्या. अस्वल समोर. छत्री जुनी, गंजलेली, काडी जाम. एकट्याच्यानं उघडेच ना! मंग यानं मूठ धरली अन् त्यानं वर ढकललं. दोघायनं जोर लावला तवा कुठी फाडकन उघडली, अन् अस्वल पळालं. दोघायलेबी वाटते का म्याच उघडली. वाटनारच. हात दोघायचे होते."

दोन्ही म्हातारे खाली पाहत होते. मग थूल साहेबांनी हळूच मान वर केली.

"मन्या, काडी जाम होती ना रे?"

गुरुजी उठून उभे राहिले. "जाम? अरे, बोट चेमटलं होतं माह्य! हे पाह्य, अजून वळ आहे!"

"अन् मी म्हटलं होतं, 'सोडू नको बे, सोडू नको!'"

"म्हटलं होतंस! म्हटलं होतंस वामन्या!"

आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. गुरुजींच्या कोटाचं बटण तुटलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वहिनी रडत होत्या. आणि नामदेवभाऊ माईकपाशी उभे राहून माझ्याकडे पाहत होते, अगदी निरागस चेहऱ्याने. छत्रीची काडी जाम असल्याचं त्यांनी बसमध्ये येता येता रचलं होतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. ज्याला स्वतःच्या बोटावरचा वळ दिसत होता त्या माणसाला आता कोणी काही सांगून उपयोग नव्हता. इतकी वर्षं मी पेन्सिल चालवली, पण असं संपादन मला कधी साधलं नाही. एक शब्द कापला नाही, आणि दोन पुस्तकं जुळवून दिली.

पुढच्याच आठवड्यात दोघं मिळून माझ्याकडे आले आणि दोन्ही पुस्तकांत डकवायला शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. 'सदर छत्री उभयतांनी उघडली असे वाचावे.' एका खोट्याच्या जागी दुसरं खोटं डकवायचं काम मी पहिल्यांदाच केलं, आणि डिंकसुद्धा घरचा लावला. चहावाल्याचा बाक पुन्हा भरला.

त्या दिवशी समारंभानंतर मी नामदेवभाऊंना बसस्टँडवर सोडायला गेले होते. म्हटलं, "भाऊ, तुम्ही का नाही लिहीत? मी करून देते पुस्तक." ते हसले. "मी कायले लिहू बाई? दोन पुस्तकात आहो ना मी. अन् दोन्हीत सगळ्यात भारी पान माह्यच आहे."

यंदाच्या उन्हाळ्यात नामदेवभाऊ गेले. दुकानात बसल्या बसल्या, कोणाला त्रास न देता. तेरवीला मी गिरडला गेले. गुरुजी आणि थूल साहेब आधीच पोचले होते. मांडवात बसून दोघं आळीपाळीने अस्वलाची गोष्ट सांगत होते, काडी कशी जाम होती, मूठ कोणी धरली, ढकललं कोणी. नामदेवभाऊंची नातवंडं तोंडात बोटं घालून ऐकत होती. गोष्ट संपली, आणि गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"नामदेव भेदरट होता, मॅडम," ते मला म्हणाले. "पण खोटं कधी बोलला नाही."

"कधीच नाई," थूल साहेब म्हणाले.

मी पदर तोंडाला लावला. हसत होते की रडत होते ते माझं मलाच कळलं नाही.

भाऊंनी सांगितलं होतं तसं आता लिहिलं. दोघा म्हाताऱ्यांची नावं मी अर्थातच बदलली आहेत. ही हकिगत ज्या अंकात छापून येतेय तो दोघांच्याही घरी जातो. ते आधी फोटो शोधतील, मग स्वतःचं नाव शोधतील, आणि दोन्ही नाही म्हटल्यावर अंक कपाटात जाईल. त्यांची छत्री सुरक्षित आहे. पण मी नाव कापत नाही हा माझा नियम आहे, आणि ज्याच्या वाट्याला दोन्ही पुस्तकांत 'पुढे निघून गेला होता' एवढंच आलं, त्याच्या नावाला मी हात लावलेला नाही. अस्वलाचं नाव खरोखरच नामदेव होतं.